कापलेला किनारा

कॅनव्हासवरचा काप अकरा सेंटिमीटर लांब होता आणि मागच्या बाजूने त्याच्या कडांना रक्त लागलं होतं. चित्रातला खडकाळ किनारा मधोमध फाटला होता.

दादा चित्रं काढतो, मूर्ती घडवतो, व्हायोलिनही वाजवतो. सुरीने रंग खरवडताना मोठं कापड आत दबतं, म्हणून वहिनीने मागून तळहात लावून धरायचं, ही त्यांची नेहमीची रीत.

"सुरी घसरली," दादा म्हणाला. "तू संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत जुनी चित्रं दुरुस्त करतेस, हेही चिकटवून दे. उद्या लोक बघायला येणार आहेत."

"घसरलेली सुरी ओरखडा काढते," मी म्हणाले. " ही आरपार भोसकलीय."

"'लाट जरा जड झालीय,' एवढंच म्हणाले होते मी," वहिनी पुटपुटली.

"आल्या मोठ्या जाणकार!" दादाने टर्पेंटाइनची बाटली भिंतीवर फोडली. वहिनी दचकलीसुद्धा नाही. फडकं गुंडाळलेला हात पोटाशी धरून ती काचा वेचायला वाकली.

"जाऊ द्या वन्सं. रागात भान राहत नाही त्यांना."

मागे तिचं मनगट मोडलं, तेव्हा ती जिन्यावरून पडली असं डॉक्टरांना मीच सांगितलं होतं. पोलिसांत जायचं हे तेव्हापासून ठरवत होते आणि पुढे ढकलत होते.

दादाने तिचे केस धरून तिला उठवलं. मी मध्ये घुसले, तर त्याच्या कोपराने माझा ओठ फुटला. रक्त गिळून मी म्हणाले, "दादा, सोड तिला. मी वहिनीला घेऊन पोलिसांत जातेय."