रडका सिनेमा आणि गुलाबबाईच्या शेंगा

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. शहाद्याला दर उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा यायचा आणि तंबूच्या दारात गुलाबबाई टोपली घेऊन बसायची. गरम वाळूत भाजलेल्या शेंगा. नवरा गेल्यापासून या हंगामाच्या विक्रीवरच तिचा अख्खा पावसाळा निघायचा. मारामारीचा सिनेमा असला की आम्ही शहादेकर एवढ्या शेंगा फोडायचो, की पडद्यावरच्या तलवारींचा आवाज ऐकू येत नसे.

त्या साली मात्र घात झाला. तंबूवाल्याने एक रडका सिनेमा आणला. त्यात एक विधवा बाजारात भाजी घेऊन बसते, तिची भाजी कोणी घेत नाही आणि घरी पोर उपाशी. पहिल्याच खेळाला आमचं गाव विरघळलं. एरवी सालदाराला चहा पाजताना ज्याचा हात आखडायचा, तो पितांबर पाटील उपरण्यात तोंड खुपसून रडला. पडद्यावर पोर भाकरीवाचून तळमळतंय आणि शेजारचा कटाकट शेंगा फोडतोय, हे त्याला सहन होईना. त्याने शेजाऱ्याच्या हातातला पुडाच हिसकावला. तेव्हापासून तंबूत शेंगा खाणं पाप ठरलं. कायदा कोणी केला नव्हता, पण असले कायदे आमच्याकडे फार कडक पाळतात.

दया तर नुसती उतू चालली होती. बाया घरून भाकरी बांधून आणायच्या आणि पोर रडायला लागलं की पडद्याच्या पायाशी नेऊन ठेवायच्या. खेळ संपला की तंबूची माणसं त्यावर ताव मारायची आणि असाच सिनेमा वर्षभर चालू दे म्हणायची. डोळे पुसत बाहेर पडलेलं गाव गुलाबबाईच्या टोपलीला वळसा घालून घरी जायचं. इतकं रडून आल्यावर लगेच शेंगा घ्यायच्या म्हणजे माणसाला कसंसंच होतं.

शेवटी ती तंबूचं सगळं बघणाऱ्या उदेसिंगकडे गेली.

“उदेसिंगभाऊ, हाऊ पिच्चर बदली टाका. मन्ह्या शेंगा कोणी लेत नही. पावसायामा मी काय खाऊ?”

उदेसिंग विचारात पडला. तंबू भरतोय तोवर सिनेमा काही बदलता येणार नाही, पण एकदा आत बसून फुकट बघ, म्हणजे लोकांचं मन तुला कळेल, असं त्याने सांगितलं. शेंगा त्यानेही घेतल्या नाहीत.

गुलाबबाई तणतणतच आत गेली. टोपली मांडीवर घेऊन बायांच्या बाजूला, पितांबर पाटलाच्या सरलाबाईशेजारी बसली. थोड्याच वेळात तिचा राग कुठल्या कुठे गेला. पडद्यावरची विधवा भर बाजारात बसली होती, माणसं तिच्याकडे न बघता पुढे जात होती आणि गुलाबबाई हुंदके देत त्या माणसांना शिव्या घालत होती. पोर आईची वाट बघत उपाशीच झोपलं, तेव्हा तिला राहवलं नाही. ती उठली, पडद्यापर्यंत गेली आणि सगळी टोपली तिथे पालथी केली.

कोणी हसलं नाही. उलट आम्हाला तिचा फार अभिमान वाटला. बायांनी सरकून तिला जागा करून दिली. सरलाबाईने आपल्या पदराने तिचे डोळे पुसले, आणि अगदी मायेने पुसले.

“बरं शे बाई,” पडद्यावरच्या विधवेकडे बोट दाखवत ती म्हणाली, “आपला गावमा आसं कोणी नही.”

“देवनी कृपा शे,” गुलाबबाई म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे बघून रडू लागली.

खेळ सुटला. तंबूच्या माणसांनी शेंगा वाटून घेतल्या. तो सिनेमा लागल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच गुलाबबाई रिकामी टोपली घेऊन घरी गेली.