मधोमध थांबलेली लाही

"मधातच थांबली! काठाला जाईना!" गर्दी ओरडली.

काचेच्या वाटीत, पाण्यावर ज्वारीची एक लाही तरंगत होती. वाटीसमोर साळूबाई बसली होती. मागे बाजेवर तिची सहा वर्षांची पुतणी, स्वरा, चार दिवसांच्या तापानं निपचित पडलेली. "पोरीला घनसावंगीला दवाखान्यात न्या," असं पहिल्या दिवसापासून सांगणारी साळूबाई एकटीच.

"घरातल्या चौघांच्या लाह्या काठाला गेल्या, ते निर्दोष," करणी कोणाची ते शोधायला बोलावलेले महाराज गरजले. "हिची थांबली. करणी हिचीच! ही पोरीला शिवली तर पोर खलास."

"महाराज, पोरगी डोळे उघडंना," स्वराची आई बेबीनंदा रडत म्हणाली.

"आधी हिला घराबाहेर काढा. मंग बघू."

मी स्वराची शिक्षिका. ती शाळेत आली नाही म्हणून बघायला गेले होते. बेबीनंदाची परीक्षा झाली तेव्हा वाटी अर्धी होती. साळूबाईच्या वेळी मात्र "हिच्या पापाचा घडा भरू द्या" म्हणत महाराजांनी सांडेल इतकं पाणी ओतलं होतं.

"महाराज, आता तुमच्या नावाची लाही टाकते," मी म्हणाले.

"बाई, देवाची परीक्षा घेता?"

"देवाची नाही, वाटीची."

जुनी लाही काढून मी नवी काठाजवळ सोडली. ती सरकत मध्ये आली आणि थांबली.

"आता करणी महाराजांची का?" गर्दीतले म्हातारे अप्पाराव म्हणाले.

मी अर्धं पाणी ओतून दिलं. तीच लाही काठाला जाऊन चिकटली.

"अर्ध्या वाटीत पाणी काचेला धरून कडेनं किंचित वर चढतं. काठोकाठ भरली की ते मध्ये फुगतं. हलकी लाही पाणी उंच असेल तिकडे जाते. तिला कुणाचं नाव कळत नाही."

महाराज झोळी आवरू लागले. बेबीनंदानं स्वराला उचललं आणि साळूबाईच्या मांडीवर ठेवलं. "जाऊबाई, चला जल्दी."

जीपनं आम्ही घनसावंगीला पोचलो. डॉक्टरांनी एकच विचारलं, "चार दिवस काय करत होतात?"

हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. स्वरानं अजून डोळे उघडलेले नाहीत. उघडेल का, मला माहीत नाही. तुमच्या दारी कोणी अशी वाटी मांडली, तर तिच्यात पाणी किती आहे ते आधी बघा. आणि लेकराला ताप असेल, तर तेवढंही थांबू नका. निघा.