उजव्या नळीतलं पिवळं

२१ ऑक्टोबर २०१७, शनिवार. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. साउथ डकोटा, हॅलवर गावाच्या उत्तरेला कर्मिट लुंडेचं मक्याचं शेत. वारा वायव्येचा, बोचरा. फेझंट या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, पहिलाच हाका. त्या मिनिटाला माझी उजवी नळी फुटली आणि मार्डेल ऑस्टबी या एकसष्ट वर्षांच्या बाईच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

मी ती बंदूक बोलतेय. दुनळी, बारा बोअरची. शेतात असलेल्या अकरा जणांचे जबाब वन्यजीव अधिकाऱ्याने घेतले. कुत्रीचंसुद्धा नाव लिहून घेतलं. माझा जबाब घ्यावा असं कुणाला वाटलं नाही. तो मी आता देते.

माझा जन्म १९३८ सालचा, पूर्वेकडच्या एका कारखान्यात. तिथून बाहेर पडण्याआधी माझ्या दोन्ही नळ्यांमधून नेहमीपेक्षा जड काडतुसं झाडून पाहिली होती. त्या परीक्षेचा शिक्का माझ्या पोटावर आहे. 'जुनं पोलाद, केव्हातरी फुटणारच होतं' असं म्हणणाऱ्यांनी तो कधी वाचलेला नाही.

माझा पहिला मालक गुरांचा डॉक्टर होता. साठ हंगाम त्याने मला वाहिलं. तो गेल्यावर त्याच्या बायकोने मला चादरीत गुंडाळून एमिल वाइसच्या दुकानात आणून दिलं, आणि तिथल्या मांडणीवर मी अकरा वर्षं उभी होते. त्या अकरा वर्षांत माणसं बंदूक कशी निवडतात ते मी पाहिलं. हातात घेतली की पहिल्यांदा भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरतात. मग तोंडाने 'ढिश्श' करतात. मग किंमत विचारतात. आणि शेवटी शेजाऱ्याने घेतलेली तीच घेतात.

मार्डेलने तसं केलं नाही. २००९चा सप्टेंबर होता. ती शाळेची बस चालवायची. त्या वर्षी तिने एक पिल्लू पाळलं होतं, पिवळसर, चपटं, म्हणून नाव ठेवलं लेफ्सा, इथल्या बटाट्याच्या पोळीवरून. कुत्री पक्षी उठवणार, मग हातात बंदूक हवी. सोबत तिचा धाकटा भाऊ कर्मिट होता.

कर्मिटने मांडणीवरची काळी, नवीकोरी, आपोआप भरणारी बंदूक उचलली. "ही घे. सव्वाआठ पौंड. झटका लागत नाही, पावसात भिजली तरी काही होत नाही. डोळे झाकून घे."

एमिल काउंटरमागे कानातलं मशीन नीट करत होता. तो म्हणाला, "कर्मिट, ती पाण्यात बसून बदकं मारणार आहे का?"

"नाही. पण..."

"मग गप्प बस. मार्डेल, तुम्ही ही घ्या आणि रस्त्यापलीकडच्या धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन या. मग दुसरी घ्या, परत जाऊन या."

"दुकानातल्या सगळ्या बंदुका घेऊन?"

"बँक लुटताय असं कुणी म्हटलं तर माझं नाव सांगा."

ती चार वेळा गेली, चार बंदुका घेऊन. काळी घेऊन आली तेव्हा खांदा चोळत होती. मला घेऊन आली तेव्हा तिने मला डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं नव्हतं, तशीच आली होती. एमिलने ते पाहिलं.

"माळावरच्या पक्ष्यांची बंदूक झाडायला निवडायची नसते, वाहायला निवडायची असते," तो म्हणाला. "दिवसाला आठ-दहा मैल चालाल आणि बार काढाल चार. ही साडेसहा पौंड आहे. नळ्यांची तोंडं फार आवळलेली नाहीत, त्यामुळे छर्रे लवकर पसरतात. पक्षी कुत्रीच्या नाकासमोरून उठतो, तेव्हा हेच हवं. आता डोळे मिटा. हिला खांद्याला लावा. गाल टेका. आता उघडा. काय दिसतं?"

"नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी."

"नळीचा माथा दिसतो का? बाजू दिसते का?"

"नाही. फक्त मणी."

"मग ती तुमचीच आहे. मी फक्त सांभाळत होतो."

कर्मिट हसला. "वीस बोअरची तरी घेऊ नकोस म्हणजे झालं. ते बायकांचं खेळणं."

वीस बोअर म्हणजे माझ्यापेक्षा अरुंद नळीची. आकडा मोठा, नळी लहान, हा उलटा हिशोब या धंद्यातला. काडतूसही बारीक. आणि म्हणूनच ते पिवळ्या रंगाचं करतात. साऱ्या देशात वीसचं काडतूस पिवळं, कारण ते चुकून बारा बोअरच्या नळीत पडलं तर घसरत आत जातं, थोडं पुढे अडकतं आणि नळीचं मागचं तोंड रिकामं दिसतं. मग माणूस मागून आपलं बाराचं काडतूस घालतो. पुढे काय होतं ते कळण्यासाठी माझ्याकडे पाहा.

आठ हंगाम मी मार्डेलबरोबर चालले. गवतातून, लव्हाळ्याच्या दलदलीच्या काठाने, मक्याच्या रांगांमधून. इथे हाक्यात सगळे एका रेषेत चालतात, काही जण शेताच्या टोकाला उभे राहतात. पक्षी उठला की जो आधी पाहील तो ओरडतो, 'कोंबडा!' किंवा 'कोंबडी!' कोंबडीवर बार काढायचा नाही, कायदा आहे. मार्डेलचा आवाज सगळ्यांत खणखणीत. सदतीस वर्षं बसमधली पोरं सांभाळलेला आवाज तो. दर संध्याकाळी ती मला पुसायची, तेल लावायची, आणि दर ऑक्टोबरच्या आधी एमिलकडे तपासायला द्यायची. त्या वर्षीही दिली होती. एमिलने माझ्या नळ्यांमध्ये दिवा धरून पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'ठणठणीत.'

शुक्रवारी मला एमिलकडून घ्यायला कर्मिट आला. बहिणीचं काम, वाटेवरच होतं. पण मला घेऊन तो तिच्या घरी गेला नाही. आधी खडीच्या जुन्या खाणीत गेला. मी त्याच्या गाडीच्या सीटवर होते, काच उघडी होती. त्याने मागून एक लांब खोकं काढलं. त्यातून निघाली एक नवी बंदूक, वीस बोअरची.

उन्हाळ्यात कर्मिटच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. बाराचा झटका त्याला सोसत नव्हता. पण हे कुणाला सांगणार? आयुष्यभर ज्याने वीस बोअरवाल्यांची टर उडवली, तो हॅलवरमध्ये वीस घेऊन फिरणार? म्हणून त्याने ती एमिलकडून घेतली नाही. शंभर मैलांवरच्या गावातून आणली. मातीच्या तबकड्या उडवत तो तासभर बार काढत राहिला. अंगात त्याचं केशरी जाकीट होतं, आणि काडतुसं त्या जाकिटाच्या उजव्या खिशात.

दुसऱ्या दिवशी तो आपली जुनी बाराच घेऊन शेतावर आला. लाज माणसाकडून काय काय करवते. दुखऱ्या खांद्याने तो रेषेत उभा राहिला.

मार्डेलच्या जाकिटाची चेन तुटली होती. कर्मिट म्हणाला, "माझं एक जास्तीचं आहे गाडीत. घे. आणि चल लवकर, बारा वाजतायत, हाका सुरू होईल."

तिने ते कालचंच केशरी जाकीट चढवलं आणि आपली लाल काडतुसं मुठीने उजव्या खिशात ओतली. खिशाच्या तळाशी आधीच काय राहिलं होतं ते कुणी पाहिलं नाही. मी पाहू शकत नव्हते, पण तिने मला मोडलं, म्हणजे बिजागरीतून दुमडून उघडलं, आणि भरलं, तेव्हा उजवीकडे काहीतरी सैल, हलकं, घसरत गेलं ते मला कळलं. तिच्या हातात मोजे होते, डोळे मक्याकडे होते. लेफ्सा शेपूट ताठ करून उभी होती.

"कोंबडा!"

मार्डेलने उजवा चाप ओढला. टक्. डावा ओढला. बार झाला, पक्षी निघून गेला. तिने मला मोडलं. डावीकडे रिकामं टरफल, उजवीकडे काहीच नाही.

रेषेतून कर्मिट ओरडला, "मार्डेल, त्यात काडतूस घालायचं असतं!"

सगळे हसले. तीही हसली. "घाईत विसरले वाटतं भरायला!" असं म्हणून तिने दोन्ही नळ्या भरल्या. लाल, आणि लाल. तिने एकदा, फक्त एकदा, नळी उजेडाकडे धरली असती तर आत पितळी बूड चमकलं असतं. पण त्या हशानंतर रेषा थांबवून नळीत कोण बघतं?

मग दुसरा कोंबडा उठला. आणि बारा चाळीस झाले.

न्यायाने सांगायचं तर कर्मिट पहिला धावला. त्याने पट्टा काढून तिच्या मनगटावर आवळला, तिला गाडीत घातलं. तिचा हात उरला तो त्याच्यामुळे, हे मी नाकारत नाही. पण त्याआधी तो एकदा वाकला. गवतातून पितळेचा एक फाटका तुकडा त्याने उचलला, पाहिला, आणि खिशात टाकला. त्या तुकड्याला पिवळी कड होती. तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला सगळं कळलं होतं.

अधिकाऱ्याने विचारलं, "रेषेत वीस बोअर कुणाकडे होती?"

कर्मिट म्हणाला, "आमच्यात? छे! आमच्याकडे असली खेळणी नसतात. ही बंदूकच बघा ना, ऐंशी वर्षांची. मी तेव्हाच सांगितलं होतं तिला."

अधिकाऱ्याने लिहिलं, 'जुन्या धातूतील दोष.' माझ्या नळीत त्याने बोटसुद्धा घातलं नाही.

याहून जिव्हारी लागलं ते पुढचं. इस्पितळातून आल्यावर मार्डेल म्हणाली, "चूक माझीच. मीच निवडली." आणि तिने माझ्याकडे न पाहता मला भावाच्या हवाली केलं. कर्मिटने मला गावच्या नेमबाजी क्लबच्या भिंतीवर टांगलं. खाली स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड लावलं, 'जुन्या बंदुकीवर विश्वास ठेवू नका.' चार महिने मी त्या कार्डाच्या वर लटकले. येणारे जाणारे वाचत होते, मान हलवत होते. बस चालवणं मार्डेलला सोडावं लागलं, आणि तो दोषही माझ्याच नावावर होता.

मार्चच्या एका रविवारी सकाळी क्लबचा पॅनकेकचा नाश्ता होता. एमिलला हिवाळाभर घरातून बाहेर पडता आलं नव्हतं. तो काठी टेकत आला, त्याने कार्ड वाचलं आणि कुणाला न विचारता मला खाली उतरवलं. खिशातला छोटा दिवा काढला.

"मार्डेल, इकडे या," तो म्हणाला. "जुनी नळी फुटली तर अशी फुटत नाही. इथे बघा, आतून कडं उठलंय. पुढे काहीतरी अडकलेलं होतं. आणि हे?"

त्याने चाकूच्या टोकाने नळीतून वितळलेल्या प्लास्टिकची एक कपची खरवडली आणि तिच्या हातावर ठेवली. तीन बोटांच्या त्या डाव्या हातावर. कपची पिवळी होती.

मार्डेलने कपची एमिलला परत दिली. मग तिने मला छातीशी धरलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. कॉफीच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या भावाकडे ती चालत गेली.

"कर्मिट, ते जाकीट मला देण्याआधी तू कुठे घातलं होतंस?"

"कुठलं जाकीट? अगं, पॅनकेक गार होतायत."

"कर्मिट."

तो खणखणीत आवाज. सगळ्या टेबलांवरचे काटे थांबले. कर्मिटने कप खाली ठेवला, टोपी घातली आणि तो बाहेर गेला. त्याची गाडी सुरू झालेली सगळ्यांनी ऐकली.

मार्डेलने कार्ड फाडून मला घरी आणलं. मी आता तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या कोपऱ्यात उभी आहे. मला पुन्हा कुणी झाडणार नाही, झाडूही नये. माझी एवढीच मागणी आहे की माझ्या नावावरचा दोष पुसावा, आणि त्याहून आधी तिच्या. तिने निवडलं ते बरोबर निवडलं होतं.

एमिलने ती कपची लिफाफ्यात घालून, नळीच्या फोटोंसह अधिकाऱ्याकडे पाठवली. पोच आली. अहवालात अजून 'जुन्या धातूतील दोष' असंच आहे, आणि त्या दिवशीच्या बंदुकांच्या यादीत वीस बोअरची एकही नाही. मार्डेलने भावाला प्रश्न विचारला त्याला आज एकोणीस दिवस झाले. त्याचं घर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. उत्तर आलेलं नाही.