वजा साडेबारा

वीज मोजायचा मल्टिमीटर विकत घ्यायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मुठीत मावेल एवढं ते डबडं, त्याला एक लाल वायर, एक काळी, आणि मधोमध फिरवायचं बटण, ज्याच्याभोवती वीस खुणा. त्यातल्या अठरा आपल्या काही कामाच्या नसतात, पण कुठल्या अठरा ते कोणी सांगत नाही.

मला तो हवा होता बाबांच्या गाडीसाठी. गाडी माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि माझ्याइतकीच हट्टी. बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे, ते पोटासाठी. गाडी मात्र जिवासाठी. सुट्टीच्या दिवशी सकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जे शिरायचे, ते आई जेवायला हाका मारून दमली की मगच बाहेर यायचे. आयुष्यभर त्यांनी मीटर घेतला नाही. एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढ्यावर सगळी गाडी तपासायचे. बल्ब लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. "बल्ब खोटं बोलत नाही," असं म्हणायचे.

पाच महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणं गेलं. राहिले दोन शब्द. "हं" आणि "नको". तेही कुठे बसतील तिथे बसायचे. घास पुढे केला की "नको", आणि तो घास खाऊन वर "हं". डॉक्टर म्हणाले, समज किती शिल्लक आहे ते सांगता येत नाही. दादाला मात्र सांगता येत होतं. तो चार तासांच्या अंतरावर राहतो, महिन्यातून एकदा येतो आणि दारातूनच सगळं ओळखतो.

"त्यांना काही कळत नाहीये," तो फोनवर म्हणाला. "तू मनाची समजूत घालून घेतेस. आईची कंबर गेली, तुझी शाळा आहे. मी एक चांगली संस्था बघितलीय. रविवारी कागद घेऊन येतो. आणि तो शेडमधला सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी भडकले. म्हटलं, "रविवारी ये, मी गाडी सुरू करून दाखवते. इंजिनाचा आवाज आला की बाबांचा चेहरा बघ, आणि मग सांग काही कळत नाही म्हणून."

बोलून बसले. मी शाळेत गणित शिकवते. गाडीच्या बाबतीत माझं शिक्षण म्हणजे लहानपणी बाबांचे पाने पुसून दिले, तेवढंच. पण जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. आता निस्तरणं आलं.

सेल्फ मारला की गाडी नुसतं 'टक' म्हणायची आणि गप्प. बाबांचा बल्ब लावून बघितला, तो लागला. म्हणजे वीज होती. पण पुरेशी होती का? ते बल्ब सांगेना. आकडा हवा होता, म्हणून मीटर हवा होता. इथून माझ्यामागे साडेसाती लागली.

सोमवारी शाळा सुटल्यावर दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर सात मीटर मांडले.

"घरातल्या वायरिंगला की गाडीला?"

"गाडीला. जुन्या."

"मग हा घ्या ताई, पिवळा. साधा आहे. नाहीतर हा करडा. ह्याला आपोआप रेंज आहे, आत दिवा आहे, तापमान मोजतो, वायर तुटली नसेल तर शिटी मारतो."

"मला तापमान नाही मोजायचं. बॅटरी बघायचीय."

"मोजायचं नसलं तरी असलेलं बरं."

आदल्या रात्री मी शंभर लोकांचे शंभर अभिप्राय वाचले होते. एक म्हणे पिवळ्यासारखा नाही, दुसरा म्हणे पिवळ्याने माझं वाटोळं केलं. शेवटी पिवळा घेतला. घरी येऊन बाबांची चाकाची खुर्ची शेडच्या दारात लावली, बॉनेट उघडलं आणि दुकानदाराने शिकवलं होतं तसं केलं. काळी वायर गाडीच्या अंगाला, म्हणजे पत्र्याला, लाल बॅटरीच्या उघड्या टोकाला.

वजा साडेबारा.

आकडा बरोबर होता, बारा व्होल्टची बॅटरी ती. पण त्याच्यापुढे ती आडवी रेघ! मी वायरी पुसल्या, परत लावल्या. तरी वजाच.

"उलटं," बाबा म्हणाले.

पाच महिन्यांत पहिला नवा शब्द. मी आनंदाने वळले, पण आईने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं आणि ती पातेलं घेऊन धावत आली. "अगं, उलटी होतेय त्यांना! धर खुर्ची!" पातेलं हनुवटीखाली, पाठीवर हात, टॉवेल. बाबांनी डाव्या हाताने पातेलं ढकललं. "नको." उलटीबिलटी काही झाली नाही. दुपारचं जेवण जड गेलं असेल, असं आई म्हणाली आणि त्यांना आत घेऊन गेली.

मंगळवारी मी पिवळा मीटर काउंटरवर आपटला. "बिघडलेला माल देता तुम्ही. वजा दाखवतोय."

दुकानदाराने शांतपणे एक नवा सेल काढला, वायरी लावल्या. अधिक दीड. "मीटर चोख आहे ताई. वायरी उलट्या धरल्या असतील."

"मी वीस वर्षं गणित शिकवते. काळं आणि लाल मला कळतं."

"मग गाडीत काहीतरी घोडं पेंड खातंय."

"गाडी माझ्या वडिलांच्या हातची आहे," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. पिवळा परत देऊन, वर पैसे घालून मी तो करडा घेतला. बाहेर पडताना स्वतःचाच इतका राग आला होता की पिशवी दारात अडकली तर दारालाच शिवी हासडली.

करड्याने आत दिवा लावला, शिटी मारली, शेडचं तापमान सांगितलं आणि मग म्हणाला, वजा साडेबारा.

"उलटं," बाबा म्हणाले. "उलटं, उलटं."

आई पातेलं घेऊन हजर. आता ते पातेलं तिने शेडच्या खिडकीतच ठेवलं होतं. "कालही ह्याच वेळेला झालं," ती काळजीने म्हणाली. "त्या तेलाच्या वासाने मळमळत असणार. नको आणत जाऊस त्यांना इथे."

"आई, वास त्यांना आयुष्यभर आवडलाय."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

वाक्य साधंच होतं, पण मला ते फार लागलं. तीसुद्धा दादाच्या बाजूला सरकायला लागली होती. मी बॉनेट इतक्या जोरात पाडलं की पत्रे हादरले.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी त्या वजाशी भांडले. मीटरचा सेल बदलला. वायरी बदलल्या. वर्गात सातवीला ऋण संख्या शिकवत होते. एका मुलीने उत्तर वजा आलं म्हणून सगळं गणित खोडलं होतं. मी तिला झापलं. "वजा आलं म्हणजे चुकलं असं नाही गं. दुसऱ्या दिशेला मोजलंय, एवढंच सांगतं ते." आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा मीटरला शिव्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शनिवारी शेजारचे काका आले. ते रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी आपला काट्याचा मीटर आणला होता, कातड्याच्या पेटीत ठेवलेला. "ही आकड्यांची खेळणी सोड," म्हणाले. "काटा बघ. काट्याला लाज असते." मी वायरी लावल्या. काटा उजवीकडे जायचा सोडून डावीकडच्या खिळ्यावर जाऊन आपटला आणि तिथेच थरथरत राहिला. काकांनी डोकं खाजवलं. "तुझी गाडीच वाकड्यात शिरलीय," म्हणाले, आणि मीटर ठेवून घरी गेले.

रात्रभर झोप नाही. पहाटे डोक्यात उजेड पडला. तीन मीटर, दोन नवे आणि एक काकांचा, तिन्ही कसे बिघडतील? नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललंय माझं. दोष बॅटरीच्या जोडणीत असणार!

रविवारी सकाळी बॉनेटमध्ये पार कमरेपर्यंत वाकले, बॅटरीवरचा मळ चिंधीने पुसला, आणि सापडलं. बॅटरीच्या अधिक टोकाची जाड पट्टी थेट गाडीच्या अंगाला जोडलेली होती. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, गाडीच्या अंगाला वजा असतो. सगळ्या गाड्यांत वजाच असतो. मागच्या वर्षी बॅटरी बदलणाऱ्याने उलटी बसवली होती, मेल्याने!

"बाबा, सापडलं!" मी ओरडले आणि पाना नटाला लावला.

"उलटं!" बाबा म्हणाले.

"हो बाबा, उलटंच आहे. आता सरळ करते."

"नको!"

"पाच मिनिटं लागतील फक्त."

"नको! उलटं! उलटं, हं!" डाव्या हाताने ते खुर्चीच्या दांड्यावर धपाधप मारत होते. चेहरा लाल झाला होता. आई पातेलं घेऊन आली, पाठीवर हात फिरवायला लागली, आणि त्याच वेळी फाटकातून दादा आत आला, काखेत कागदांची फाईल घेऊन. त्याने एक नजर बाबांवर टाकली, एक पातेल्यावर, आणि माझ्याकडे अशी मान हलवली की पाना त्याच्याकडे भिरकावावासा वाटला.

पण माझा हात नटावरच थांबला होता. उलटं, हं. नको, उलटं, हं. हे सगळे शब्द मी आठवडाभर ऐकत होते, आणि एकही ऐकला नव्हता.

मी चिंधी घेतली आणि ती जाड पट्टी जिथे गाडीच्या अंगाला बोल्टने कसली होती, तिथला वर्षानुवर्षांचा ग्रीसचा थर खरवडला. खाली लाल रंगात, टाइपरायटरची बटणं रंगवायच्या बारीक कुंचल्याने काढलेली अधिकची खूण होती. बाबांच्या हातची.

"बाबा," मी विचारलं. "ह्या गाडीत अंगाला अधिक असतो? मुळातच उलटं असतं?"

"हं," बाबा म्हणाले. आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. नापास होणारा विद्यार्थी अखेर पास झाला की मी खुर्चीत टेकते, तसेच.

बल्बला अधिक-वजा कळत नाही. कशाही वायरी लावा, तो लागतो. म्हणून मला हे कधी शिकावंच लागलं नाही. मी बॅटरी फिरवली असती तर बॅटरी भरणाऱ्या त्या जुन्या डायनामोचं काय झालं असतं ते काकांनी मला नंतर सांगितलं, आणि मी ते कोणाला सांगणार नाही.

"काय तमाशा चाललाय?" दादा म्हणाला.

मी काट्याच्या मीटरच्या दोन्ही वायरी त्याच्या हातात कोंबल्या. "धर. काळी गाडीच्या पत्र्याला लाव, लाल त्या उघड्या टोकाला."

"मला काय कळतंय ह्यातलं?"

"तुला नाहीच कळत. लाव."

त्याने लावल्या. काटा डावीकडे आपटला.

"उलटं," बाबा म्हणाले.

आई पातेलं उचलायला वाकली. "आई, राहू दे ते," मी म्हटलं. "दादा, आता अदलाबदल कर."

त्याने केली. काटा उजवीकडे चढला आणि साडेबारावर उभा राहिला.

"हं."

दादाने काट्याकडे बघितलं, आणि कोणी न सांगता वायरी परत बदलल्या.

"उलटं!" बाबा म्हणाले, आणि ह्या वेळी त्यात वैताग होता. दहावीत दादाचा अभ्यास घेताना असायचा तोच. एकदा सांगितलेलं कळत नाही का, असा.

दादाच्या हातातून वायरी खाली पडल्या. तो बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला, इस्त्रीच्या पँटसकट, तेलातच. फाईल अजून काखेत होती.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला त्या संस्थेत राहायला जायचंय का?"

"नको."

एवढंच. लगेच, स्पष्ट. घासाला म्हणायचे तसं नाही.

मला रडू कोसळलं. बाबांचं उत्तर ऐकून नाही, तर दादाचा प्रश्न ऐकून. दादाने डॉक्टरांना विचारलं होतं, संस्थेला विचारलं होतं, आईला विचारलं होतं. आठवडाभर मी तीन मीटरना विचारत होते. बाबांना हा प्रश्न पाच महिन्यांत कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा.

गाडी सुरू करून दाखवायची राहिलीच, पण ती कोणाला आठवलीही नाही. दादाने फाईल काखेतून काढून शेडच्या खिडकीत ठेवली. आईने तिथलं पातेलं उचललं आणि घासायला घेऊन गेली.