किती लावायचं ते नंतर

दुपारचे तीन. चष्म्यांच्या दुकानात ताईने आपल्या चकत्यांचा सगळा ढीग टेबलाच्या मधोमध सरकवला आणि हात मागे घेतला. ढिगावर सर्वांत वर मी होते. समोर तिचा धाकटा भाऊ. त्याच्या कपाळावर आठी पडली.

मित्रांनो, मी एक जुनी काळी चकती आहे. पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी चकत्या लावतात; त्यात माझे मोल दहा पांढऱ्या चकत्यांएवढे. या दोघांच्या वडिलांनी चष्म्याच्या फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यातून मला कापले आणि भिंगे घासायच्या चाकावर गोल केले. गिऱ्हाईक नसले की ते मुलांना खेळायला बसवत. पैसे कधीच लावले नाहीत. हरणाऱ्याने काचा पुसायच्या, एवढेच. तेव्हा माझा काय थाट होता! मी पुढे आले की दोघे श्वास रोखत.

वडील गेले आणि मी स्क्रूंच्या खणात जाऊन पडले. कोणी विचारले नाही. मीही कोणाची विनवणी केली नाही.

आज मला काढले ते या दुकानासाठी. धाकट्याला ते बंद करून जागा भाड्याने द्यायची आहे. ताईला इथेच भिंगे घासत राहायचे आहे. वाद मिटेना, तेव्हा वडिलांच्याच खेळावर निकाल सोपवला. जो जिंकेल त्याचे चालेल.

पहिल्या डावापासून धाकट्याचा एकच हेका. "ताई, सगळी गंमत किती लावायचं यात आहे. मधल्या ढिगाच्या निम्म्याहून जरासं जास्त. तोलून!"

"आणि हातात कचरा आला तर?"

"तरी लावायचं. तोलूनच."

"तुझा तो तोल फ्रेम करून भिंतीवर टांगते," म्हणत ताईने त्या डावात आपले पत्ते टाकून दिले.

तो मात्र एकही डाव सोडेना. येतील त्या पत्त्यांवर तोलत बसला आणि त्याचा ढीग झिजत गेला; मीही ताईकडे गेले. मग माझ्यावरच खेकसला, "ही काळी पनवतीच आहे!"

हे मी ऐकून घेणार नाही. कशावर खेळायचे, कधी गप्प बसायचे, समोरचा काय करतो, हे सगळे आधी. माझा नंबर त्यानंतर. पण मी फालतूही नाही, हे ताईलाही सुनावते. बाई पत्ते निवडून खेळते खरी, पण तगडे पत्ते आले की भीत भीत एक पांढरी पुढे करते. जिंकते आणि हाती काही लागत नाही. म्हणून तर धाकटा अजून टिकून आहे.

मला जपा, पुसा, असे मी म्हणणार नाही. खुशाल खणात टाका. पण विचार न करता मला पुढे ढकलायचे आणि मग माझ्या नावाने बोटे मोडायची, हे चालणार नाही.

"बोल की," ताई म्हणाली. "तोल आता."

तिच्या हातात काय आहे, मला दिसलेले नाही. आता धाकट्याने उरलेल्या सगळ्या चकत्या लावायच्या, नाहीतर पत्ते टाकायचे. त्याने आपले पत्ते पुन्हा पाहिले. टाकले नाहीत. त्याचा हात चकत्यांपर्यंत आला आणि थांबला आहे. मागच्या खोलीत ताईने लावून ठेवलेले चाक फिरते आहे. त्यावरचे भिंग संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार आहे.