डाव्या बाजूचा एक इंच

"मी परत मोजलं," आई माझ्या कानाशी लागून म्हणाली. "एक इंचच आहे. अर्धा पुढं, अर्धा मागं."

"अगं, कालही तू तेवढाच मोजला होतास."

"काल मला वाटलं, टेप सरकली असेल."

आईची टेप सरकत नाही. चाळीस वर्षं ती गळ्यात अडकवून आईनं निम्म्या गावाच्या पोरांचे शाळेचे गणवेश शिवले. समोरून येणाऱ्या माणसाची छाती किती आणि कंबर किती हे ती त्याच्याशी बोलता बोलता ठरवून मोकळी होते. तिनं एक इंच म्हटलं की तो एक इंचच असतो, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून उभ्या होतो. बाबांना बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून आईनं बेसिनचा नळ सोडून ठेवला होता. दुसऱ्या कुठल्याही घरात ही युक्ती चालली असती. आमच्या घरात नाही. अर्ध्या मिनिटात दार उघडलं आणि बाबा आत आले.

"नळ कुणी चालू ठेवलाय? खाली भांडं नाही, काही नाही."

त्यांनी नळ बंद केला, तोटीखाली बोट धरलं, थेंब येत नाही याची खात्री केली आणि आमच्याकडे संशयानं बघितलं. पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं पंप मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. कामावर त्यांना सगळे थेंबभाऊ म्हणायचे. लग्नाला गेले तरी आधी हात धुण्याच्या जागेचा गळका नळ शोधणार, आणि खिशातला पाना काढून तो दुरुस्त केल्याशिवाय पानावर बसणार नाहीत.

"अकरा वाजता साहेब येतायत," ते म्हणाले. "तुम्ही दोघी काय कुजबुजताय?"

"साहेबांना चहा द्यायचा की सरबत, ते ठरवतोय," आई म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. बाबांनी तिच्या कानांकडे बघितलं आणि ते निघून गेले.

होडी मागच्या शेडमध्ये होती. अकरा फुटांची, लाकडी, दोन माणसं आणि मासे ठेवायला एक टोपली एवढ्या बेताची. रिटायर झाल्यावर बाबांनी ती स्वतःच्या हातानं बांधायला घेतली. त्याआधी आयुष्यभर रविवारी ते तलावाच्या काठावर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी चार बोटं लांबीचे मासे घेऊन घरी यायचे. मोठे मासे मध्यावर असतात, काठावर बसणाऱ्याला पोरंटोरंच मिळतात, हे त्यांचं ठाम मत. आम्ही त्यांना भरपूर चिडवलं. त्यांनी होडीचा आराखडा मागवला, प्लायवूड आणलं आणि शेडमधली माझी जुनी सायकल हाकलून दिली.

या पद्धतीच्या होडीत खिळे नसतात. प्लायवूडचे मोठे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं ते एकमेकांना चक्क शिवायचे. मग सांध्यात डिंकासारखं घट्ट रसायन भरायचं. ते वाळलं की टाके उसवून टाकायचे. आईनं हे ऐकलं तेव्हा तिनं पहिल्यांदा या उद्योगाकडे आदरानं पाहिलं.

उजवी बाजू बाबांनी कापली. सुरेख कापली. पण त्यानंतरच्या महिन्यात त्यांच्या उजव्या हाताची थरथर, जी आधी फक्त चहाच्या कपाला कळायची, ती आम्हा सगळ्यांना कळायला लागली. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या सुरू झाल्या. करवत हातात धरली की पातं रेघेवर येईना. बाबांनी दोन दिवस शेडला कुलूप लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं किल्ली मागितली.

डावी बाजू आईनं कापली. बाबांनी कापलेला तुकडा नव्या प्लायवूडवर ठेवला, कडेनं शिंपीकामाच्या खडूनं रेघ मारली आणि आठ दिवस रोज थोडं थोडं असं करवतीनं कापलं. तिच्या तळहाताला फोड आले. पण चाळीस वर्षांची सवय हातात होती. कापडावर रेघ मारली की आई रेघेवर कधीच कापत नाही, शिवणीत जायला अर्धा इंच बाहेर सोडते. प्लायवूडलाही तिनं तो सोडला. चारी बाजूंनी, अगदी एकसारखा. वरची कड नंतर तासली गेली, पण लांबी तशीच राहिली. सगळं जोडून, वाळून, टाके उसवून झाल्यावर एका दुपारी तिनं सहज टेप लावली, तर डावी बाजू एक इंच लांब निघाली.

"यांनी जन्मात एक थेंब गळू दिला नाही," त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली. "आणि त्यांच्या शेवटच्या कामात माझ्यामुळं खोट निघणार."

"शेवटच्या का म्हणतेस?"

तिनं फोन ठेवून दिला. होडी तपासून नंबर देणारे नोंदणीचे साहेब येणार त्या दिवशी मी रजा टाकून घरी आले.

साहेब बरोबर अकराला आले. पन्नाशीचे, सर्दी झालेले, काखेत फाइल. आईनं त्यांच्या पँटकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे झुकून म्हणाली, "दुमड सरळ नाही बघ. एक पाय आखूड आहे. याला नाही कळायचं." तिच्या आवाजात आशा होती.

पण साहेबांना कळत होतं. त्यांनी होडी पालथी घालायला लावली, बोटांच्या पेरांनी ठोकून सांधे ऐकले, कडेवरून हात फिरवला. मग टेप काढली. उजवी बाजू मोजली आणि लिहिली. डावी मोजली आणि थांबले. परत मोजली. आईनं माझं मनगट धरलं होतं, ते इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"डावी बाजू एक इंच जास्त आहे," साहेब म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले.

"माहीत होतं तुम्हाला?"

"माझी होडी आहे, साहेब."

आई पुढं झाली. "साहेब, त्याचं काय झालं, ते कापताना माझ्या हातून…"

"तू जरा थांब," बाबा म्हणाले. आवाज चढवून नाही, पंप खोलून बसलेले असताना बोलतात तसा.

साहेब गुडघ्यावर बसले. होडीच्या तळाला पुढून मागं एक लांब पट्टी असते, होडी सरळ जावी म्हणून लावलेली. त्यांनी दोन्हीकडून तिचं अंतर मोजलं. "ही पट्टीसुद्धा मधोमध नाही. मागच्या टोकाला बाजूला सरकवलेली आहे."

"जेवढी पाहिजे तेवढीच. बाजू लांब असली की होडी एका अंगानं ओढणार. पट्टी तिला धरून ठेवते. आतली आडवी फळीसुद्धा तिरकी घेतलीय, बघा."

साहेबांनी पालथ्या होडीखाली वाकून बघितलं. आईनंही वाकून बघितलं. ती पट्टी बसवताना बाबांनी तिला शेडमध्ये येऊ दिलं नव्हतं. चार दिवस काहीतरी कारणं काढून तिला बाहेर पिटाळत होते, कधी स्क्रू आणायला, कधी सँडपेपर. एकदा तर नुसतं दुकान उघडं आहे का बघायला. त्या हातानं त्यांना एकेक स्क्रू लावायला किती वेळ लागला असेल, हे मला आत्ता कुठं कळलं. मी शेडच्या छपराकडे बघत राहिले.

"एवढा फरक नियमात बसतो," साहेब नाक पुसत म्हणाले. "पण पाण्यात सरळ चालली पाहिजे. दोन माणसं बसवून पाण्यातल्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. ते बघितल्याशिवाय नंबर देता येत नाही." त्यांनी फाइल उघडली. "बांधणाऱ्याचं नाव?"

बाबांनी आपलं नाव सांगितलं. साहेबांनी लिहिलं. मग बाबांनी आईचं नाव सांगितलं.

"इथं एकच ओळ आहे."

"मग बारीक अक्षरात लिहा."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, आईच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं आणि बारीक अक्षरात लिहिलं.

"वल्हवणार कोण?"

"मी," बाबा म्हणाले. "दुसरं कोण?"

धक्का घरापासून दोनशे पावलांवर. शेजारच्या दोघांनी हात लावला आणि होडी हातगाडीवरून पाण्यापर्यंत नेली. ती पाण्यात उतरली, थोडी डुलली आणि सरळ उभी राहिली. कुठं झुकली नाही. बाबांनी वाकून आतल्या सगळ्या सांध्यांवरून नजर फिरवली. कोरडे होते. चौतीस वर्षं पंपाखाली बसून बघायचे तसंच बघत होते.

बाबा मधल्या फळीवर बसले, आई मागच्या फळीवर, त्यांच्याकडे तोंड करून. वल्हवणारा माणूस मागं बघत बसतो, जायचं तिकडे त्याची पाठ असते. बाबांनी दोन्ही वल्ही हातात घेतली.

डावं वल्हं स्थिर होतं. उजवं होडीच्या कडेवर आपटायला लागलं. टक टक टक. बाबांनी पकड घट्ट केली, तसा आवाज वाढला. त्यांनी हाताची जागा बदलून बघितली, कोपर पोटाशी दाबून बघितलं. पाणी इतकं शांत होतं की तो आवाज पार पलीकडे जात असेल. शेजारचे दोघं हातगाडीचं चाक तपासायला लागले. साहेबांना फाइलमध्ये काहीतरी तातडीचं सापडलं.

मला वाटलं, आता ते उतरतील. उतरतील, शेडला कुलूप लावतील, आणि या खेपेला किल्ली कुणालाच देणार नाहीत. आईलाही तेच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "अहो, आजच कशाला? साहेब परत येतील की."

टक टक थांबली. बाबांनी वल्ही आत ठेवली होती.

"ऊठ," ते म्हणाले. "जागा बदलू."

"मला कुठं वल्हवता येतंय?"

"तुला करवत तरी कुठं चालवता येत होती?"

आईनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"कापलास त्याच दिवशी. तू जेवण वाढत होतीस, तेव्हा शेडमध्ये जाऊन बघितलं."

"मग बोलला का नाहीत? दुसरा तुकडा कापला असता मी."

"आठ दिवस लागले होते तुला," बाबा म्हणाले. "हातात चमचासुद्धा धरता येत नव्हता."

आई रडायला लागली आणि त्याच वेळी हसायलाही लागली. "महिनाभर झोप नाही मला, माहितेय? महिनाभर!"

"माहितेय. शेजारीच झोपतो मी. आता ऊठ, पण हळू. मध्ये पाय टाक. कडेला नको."

दोघं एकमेकांचे खांदे धरून उभी राहिली. होडी हलली तशी मी पुढं धावले, पण त्यांना माझी गरज नव्हती. एकमेकांभोवती अर्धी फेरी घेऊन आई मधल्या फळीवर बसली आणि बाबा मागच्या. आईनं पदर खोचला, गळ्यातली टेप काढून खाली ठेवली आणि वल्ही उचलली.

पहिल्यांदा होडी जागच्या जागी गोल फिरली. "दोन्ही हात बरोबर," बाबा म्हणाले. "एक ओढायचं आणि एक सोडायचं, असं नाही. मशीनचं पायडल मारतेस ना, तसं. एका लयीत."

"मशीनला पायानं मारतात."

"मग हातानं मार. वाद घालू नकोस."

तिसऱ्या-चौथ्या खेपेला वल्ही एकदम पडली आणि होडी धक्क्यापासून सुटली. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. होडी खांबाच्या रोखानं निघाली होती. थोडी डावीकडे गेली, थोडी उजवीकडे गेली, पण तो दोष आईचा होता, होडीचा नव्हता. ती वल्हवायची थांबली की होडी तिच्या तिच्या मनानं सरळ जात होती. साहेब ते बघत होते. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं, मग पेन थांबवलं.

"वल्हवणाऱ्याच्या जागी यांचं नाव घातलं होतं मी," ते हळूच म्हणाले.

"खोडा," मी म्हणाले, आणि आईचं नाव सांगितलं. बाबांच्या नावावर त्यांनी एक बारीक रेघ ओढली. पट्टी घेऊन, सरळ.

मी वर बघितलं तेव्हा होडी बरीच लांब गेली होती. आवाज येत नव्हता. आईची पाठ खांबाकडे होती, तिला पुढचं काही दिसत नव्हतं. बाबांनी उजवा हात वर केला होता. तो थरथरत होता, आणि ते तो लपवत नव्हते. हात जरा डावीकडे कलला, मग उजवीकडे, मग मध्ये आला. आई त्या हाताकडे बघत वल्हवत होती.