धामणखेड्याला शिवी बसली

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराई बोळवायला नाल्यावर जायचं आणि पलीकडच्या गावाला मनसोक्त शिव्या घालायच्या, ही आम्हा खान्देशच्या बायांची वर्षाची हौस. शिवी गावाचं नाव घेऊनच द्यायची, पलीकडून तसंच उत्तर येतं. राग कुणी धरत नाही. उत्तरच आलं नाही, तर मात्र गावाचं नाक कापलं गेलं समजायचं.

आमचं नाक कित्येक वर्षं कापलेलंच होतं. आमचं धामणखेडं धरणात गेलं. सरकारनं या मुरमाड उतारावर प्लॉट पाडून दिले. आम्ही घरं बांधली, जुना मारुती आणून बसवला, नावही जुनंच ठेवलं. पण शेजारचे पिंपळदरचे लोक आम्हाला म्हणतात ‘प्लॉट’. एसटीचा कंडक्टरसुद्धा ओरडतो, प्लॉटवाले उतरा. अरे, माणसं राहतात इथं! नाल्यावर आम्ही घसा फुटेस्तोवर शिव्या द्यायचो, तर पिंपळदरची रत्ना नुसती हसायची.

“तुमनं गावच कोठे शे? ते तं बुडनं,” एवढं म्हणून सगळ्या चालत्या व्हायच्या.

माझी नात मेघा या प्लॉटवरच जन्मली. यंदा लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. सासरी धुळ्याला तिची थट्टा चालते, हिचं माहेर म्हणजे मोकळी जागा. पोरीला ते फार लागलं होतं. आल्या आल्या म्हणाली, रत्नामावशीच्या तोंडून गावाचं नाव काढल्याशिवाय मी परत जाणार नाही. मी म्हटलं, बाई गं, तिथं माझी, या झुंबरबाईची, जीभ झिजली, तू काय करणार?

नाला कोरडा ठणठणीत. गौराईसाठी दोन्हीकडच्या बायांनी घागरीत पाणी आणलेलं. पिंपळदरचे बोअर होळीलाच आटतात. आम्ही सगळ्यांनी मिळून मुरूम फोडून खणलेल्या विहिरीला मात्र उन्हाळाभर पाणी असतं, तिथूनच त्या भरून नेतात. आम्ही कधी नाही म्हटलेलं नाही.

मेघा पुढे झाली. शिवी नाही, काही नाही, सरळ विचारलं, “पिंपळदरन्या बायाओ, तुमनी घागरमा कोना गावनं पाणी शे?”

 पलीकडे त्यांच्याच बायांत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, सांग ना रत्ना. रत्ना लालबुंद झाली. घागर कमरेवर घट्ट धरून कडाडली, “धामणखेडानं शे! काय करशात, धामणखेडान्या नकट्या पोरी?”

 मेघा माझ्या गळ्यात पडून हसत होती, तिचे डोळे भरलेले. बाया एकमेकींना सांगत होत्या, नाव घेतलं, नाव घेतलं. एरवी तासभर न थांबणाऱ्या आम्ही उलट शिवी द्यायचं विसरूनच गेलो. रत्ना वैतागली.

“मुक्या व्हयी ग्यात का वं? उत्तर द्या ना!”

मी पदर खोचला, पुढे झाले. चांगली झणझणीत शिवी द्यायची होती. पण तोंडातून निघालं, “पिंपळदरनी रत्ना, तुना तोंडमा साखर पडो!”